वीतभर उंबरा

आमच्या गावाला स्वच्छ आणि निरोगी गावाचं बक्षीस मिळालं त्या दिवशी वेशीपासून मिरवणूक निघाली. मी गावात नव्हते. परभणीच्या एका दवाखान्यात आक्काच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. पुतण्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. हलगी, गुलाल, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून भाषण करणारे सरपंच. "आपल्या गावानं दिव्यांग भगिनीसाठी पूर्वजांचा उंबरासुद्धा काढून टाकला," असं ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ तिथेच बंद केला. आक्का नुकती झोपली होती, नाहीतर तो फोन मी भिंतीवर आपटला असता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. तिनं लग्न केलं नाही. खरं सांगायचं तर तिचं लग्न कुणी जमवलंच नाही. ती शिवणकाम शिकली. हातानं फिरवायच्या मशीनवर तिनं निम्म्या गावाचे ब्लाऊज शिवले. मी गावच्याच शाळेत शिकवत होते. माझे मालक गेले, पुढे नोकरीही संपली, तेव्हापासून आम्ही दोघी आईवडिलांच्या घरात राहतो. शेजारच्या खोल्यांत भाऊ आणि वहिनी. घर लहान, आणि दिवसभर माणसांनी भरलेलं. कुणी माप द्यायला, कुणी हुक लावून घ्यायला, कुणी नुसतंच बसायला.

ज्या गोष्टीसाठी मी एवढी चिडले आहे ती आधीच सांगून टाकते. नाहीतर एका लाकडासाठी ही बाई एवढी का तापते, असं वाटेल. आक्काची पाळी कित्येक वर्षांपूर्वी बंद झालेली. या बक्षिसाच्या वर्षी तिला पुन्हा रक्त जायला लागलं. कधी थोडं, कधी लुगड्याला लागेल एवढं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही. मला नंतर कळलं. तिनं एवढंच सांगितलं होतं, "मला नर्सबाईला भेटायचंय. एकटीला. पडद्याआड." मी म्हटलं, परभणीला जाऊ, मोठ्या डॉक्टरला दाखवू. तर म्हणाली, "आधी आपल्या नर्सबाईला दाखवते. तिनं म्हटलं तर कुठं बी येते."

नर्सबाई गावातल्या उपकेंद्रात बसत. बाई चांगल्या होत्या, हाताला गुण होता. पण उपकेंद्राला चार पायऱ्या होत्या, चांगल्या उंच. आक्काची चाकाची खुर्ची खाली थांबायची आणि नर्सबाई वरून, दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय होतंय आक्का?" खाली रांगेत शेजारी, चुलते, भावकीतली पोरं, सगळे कान देऊन. आक्का म्हणायची, "गुडघा दुखायलाय." गुडघ्याचं नाव तिनं जन्मात कधी काढलं नव्हतं! नर्सबाई गोळ्या द्यायच्या आणि आक्का त्या घरी आणून कोनाड्यात टाकायची. एकदा मी नर्सबाईंना घरीच बोलावलं. त्यांच्या मागोमाग गल्लीतल्या पाच-सहा बायका आत आल्या आणि ठाण मांडून बसल्या. आमच्याकडे आजाऱ्याला एकटं सोडणं म्हणजे माणुसकी सोडणं. कुणी उठेना. आक्का पुन्हा म्हणाली, "गुडघा."

त्यात गावानं या बक्षिसाच्या स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. मारुतीच्या पारावर बैठक झाली. सरपंच म्हणजे माझ्याच हाताखाली बाराखडी गिरवलेला पोरगा, आता पांढऱ्या कपड्यांत आणि काळ्या चष्म्यात. पण काम करायची हौस होती, हे नाकारणार नाही. घरोघरी शोषखड्डे घ्यायचे, गटारी बुजवायच्या, प्लास्टिक बंद करायचं, शाळेमागे परसबाग करायची, बोरी गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी करंज आणि लिंब लावायचे. सगळं पटण्यासारखं होतं. कितीतरी वर्षांनी गाव राजकारण सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलत होतं. मीही पदर खोचून कामाला लागले.

प्लास्टिक बंद करायचं तर पिशव्या हव्यात. त्या कोण शिवणार? सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. बायकांनी जुनी लुगडी, फाटक्या साड्या आणून आमच्या ओसरीत ढीग घातला. आक्का बसली शिवायला. गावात एक घर राहिलं नाही की जिथं तिच्या हातची पिशवी गेली नाही. मध्येच कमरेत कळ आली की मशीनवर डोकं टेकून बसायची आणि मग पुन्हा चाक फिरवायची. मी म्हणायचे, उद्या कर. ती म्हणायची, "गाव करायलंय, मी कशाला मागं राहू."

बदल्यात तिनं एकच मागितलं. पुढच्या बैठकीत हात वर केला आणि म्हणाली, "उपकेंद्राला उतार करा. मला कुणी न उचलता आत जायचंय." टाळ्या पडल्या. सरपंच उभे राहून म्हणाले, "आक्का, तुमच्यासाठी जान हाजिर हाय." त्या वेळी मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

उताराचं काम झालं तेही मन लावून झालं. पोरांनी पायऱ्या फोडल्या, ज्याच्या घरी वाळू होती त्यानं वाळू दिली, बायकांनी घमेली वाहिली. चारठाण्याहून एक गवंडी आला होता. त्यानं आक्काला बोलावून तिची खुर्ची उतारावर ढकलून पाहिली, चढ जास्त वाटला तर खालून आणखी लांबवला. आक्का घरी येऊन म्हणाली, "लय दिवसांनी कुणीतरी मला इचारून काम केलं." त्या रात्री ती पोटभर जेवली.

उपकेंद्राची जुनी चौकट वाळवीनं खाल्ली होती. ती बदलायची ठरलं. एका जुन्या घराचं सागवान कुणीतरी दान दिलं. सुतारानं झकास चौकट केली, आणि खाली वीतभर उंबरा. जुन्या घराला होता तसाच, त्याच लाकडाचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. दार म्हटलं की उंबरा आलाच. सरपंचांच्या आईनं त्याला हळदीचे पट्टे ओढले, कुंकू लावलं, नारळ फोडला. उतार थेट त्या उंबऱ्याला जाऊन भिडला. मध्ये पाऊल टेकवायला सपाट जागासुद्धा नाही. अख्खं गाव तिथं उभं होतं. वाळू देणारे होते, घमेली वाहणारे होते. कुणाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. गवंडी आधीच पैसे न घेता चारठाण्याला परत गेला होता. तो असता तर बोलला असता, असं मला अजून वाटतं.

आतल्या भिंतीवर पेंटरनं चित्र काढलं होतं. चाकाच्या खुर्चीत बसलेली, निळ्या साडीतली हसरी बाई, आणि खाली मोठ्या अक्षरांत "सर्वांसाठी आरोग्य". ती चित्रातली बाई उंबऱ्याच्या आतल्या बाजूला काढली होती. ती कशी पोचली कोण जाणे.

नारळ फुटला त्याच सकाळी आक्का नवं लुगडं नेसून निघाली. उतार ती स्वतः, दोन्ही हातांनी चाकं फिरवत चढली. मी मागे चालत होते पण हात लावला नाही. वर पोचली आणि पुढची लहान चाकं उंबऱ्याला अडकली. तिनं जोर केला. खुर्ची थडकली आणि आक्का पुढे फेकली गेली. तिचे हात उंबऱ्याच्या हळदीवर टेकले. मी खुर्ची मागे कलवून चाकं वर घ्यायला गेले, तर खाली उतार. खुर्ची माझ्यासकट मागे घसरायला लागली. खालून पोरं ओरडत आली, "उचला रे, उचला आक्काला!" चार हात तिच्या काखेत, दोन मांडीखाली.

"हात लावायचा न्हाई मला!" आक्का किंचाळली. तिचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पोरं चपापून मागे झाली. एक जण म्हणालासुद्धा, "मदत कराया गेलो तर उलटं आमच्यावरच." आक्कानं पदर मांडीवर घट्ट ओढून घेतला, खुर्ची वळवायला लावली आणि घरी आली. आता मला कळतं, त्या दिवशी तिच्या लुगड्याला लागलेलं होतं. परक्या पोरांचे हात मांडीखाली, आणि लुगडं ओलं. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी त्याच पावली सरपंचांकडे गेले.

"उंबरा काढ," मी म्हटलं.

"बाई, आता कसा काढावा? पूजा झालीय त्याची."

"पूजा झाली म्हणून माणूस बाहेर ठेवायचं?"

"तसं न्हाई हो. पण बिनउंबऱ्याचं दार कसं दिसंल? आन् इंचू-काटा आत येतोय. पावसाचं पाणी आत शिरतंय. नर्सबाईला तकलीफ."

मग सुताराकडे. त्यानं रंधा खाली ठेवला नाही. "बाई, चौकटीला खालून आधार नगं का? उद्या फाकली मंजी मलाच बोल." मग सरपंचांच्या आईकडे. ती म्हातारी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माय, उंबऱ्यात लक्ष्मी असती. दवाखान्याला तर लक्ष्मी पायजेच." तिच्या डोळ्यांत कपट नव्हतं. कपट असतं तर भांडता आलं असतं. मला चीड आली ती त्याचीच. सगळ्यांना आक्काबद्दल माया होती आणि सगळ्यांनी मिळून तिला दाराबाहेर बसवलं होतं. वर प्रत्येक जण एकच म्हणायचा, "एवढं काय त्यात, आमी उचलून घेऊ की."

मग मी पारावर सगळ्यांना आमच्या घराची गोष्ट सांगितली, जी निम्म्या गावाला ठाऊकच होती. आक्का पाच-सहा वर्षांची असताना हातांवर घसटत घरात हिंडायची. उंबऱ्यावरून पलीकडे जाताना तिची हनुवटी फुटली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी करवत आणली आणि घराचा उंबरा कापून काढला. भावकीनं तोंडसुख घेतलं. उंबरा नसलेल्या घरात सून कशी येणार, म्हणाले. सून आली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा आईनं दारात कुंकवाची रेघ ओढली, रेघेवर तांदळाचं माप ठेवलं आणि वहिनीनं ते पायानं लवंडून घरात पाऊल टाकलं. आज तिचे दोन मुलगे कमावते आहेत. आमच्या लक्ष्मीला ती रेघ पुरली. तुमच्या लक्ष्मीला लाकूडच का लागतं?

पारावरची माणसं हसली. "रेघंचा उंबरा असतोय का कुठं, बाई!" एक म्हातारा म्हणाला. सरपंच मात्र हसला नाही. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, फोटो गेलेत वर. चौकटीसकट. समिती येऊन जाऊ द्या, मंग बघू." म्हणजे तोवर आक्कानं थांबायचं. समिती कधी येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. सोयाबीन निघाली, हरभरा पेरून झाला, समितीचा पत्ता नाही. आक्का ओसरीत मशीन फिरवत राहिली. ती सुकत चालली होती. मी विचारलं की म्हणायची, "वय झालं." परभणीचं नाव काढलं की मान फिरवायची. तिथंही कुणीतरी उचलणारच ना, एसटीत, रिक्षात, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. इथला उतार तिनं मागून घेतला होता. तिला तिथूनच आत जायचं होतं. या हट्टावर मी तिच्याशीही कडाकडा भांडले आहे.

शेवटी समिती आली. गाव झाडून लखलखीत. लिंबाच्या रोपांना गेरूचे पट्टे, दारोदारी रांगोळ्या, आक्काच्या पिशव्या प्रत्येकाच्या हातात. समितीत तीन माणसं, त्यात एक मॅडम. सरपंच आदल्या संध्याकाळीच घरी येऊन सांगून गेले होते, "आक्का, तुमी फक्त उतारावर थांबा. हसतमुख. मॅडम फोटो काढतेल." आक्का "बरं" म्हणाली. एवढ्या पटकन बरं म्हणाली की मला शंका आली.

समिती उपकेंद्रात गेली. मागोमाग सरपंच, ग्रामसेवक, पुढारी, सगळे उंबरा ओलांडून आत. आत चहा-पोह्यांची सोय केली होती. नर्सबाई नवी टेबलं दाखवत होत्या. मग आक्का निघाली. उतार चढली आणि उंबऱ्याला चाकं भिडवून दारात आडवी थांबली. खुर्चीचा ब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी चौकट धरली. आता आतला कुणी बाहेर येऊ शकत नव्हता आणि बाहेरचा आत जाऊ शकत नव्हता.

मॅडम हसून म्हणाल्या, "या ना आत."

"कशी येऊ? तुमीच सांगा," आक्का म्हणाली.

सरपंच धावले. "घ्या रे उचलून आक्काला, चला, चला."

"जो हात लावील त्याचा हात मी चावीन," आक्का म्हणाली. साठी ओलांडलेली, चिपाड झालेली बाई, आणि हे बोलली. कुणी हसलं नाही. "मला नर्सबाईला एकटीला भेटायचंय. आतमधी. माझं दुखणं माझ्या तोंडानं सांगायचंय. गावाला ऐकवून न्हाई. जवर मी आत येत न्हाई, तवर तुमी बी भाईर यायचं न्हाई."

सरपंचांचा चेहरा उतरला. नर्सबाई घाईघाईनं दारात आल्या. आणि सवयीनं, खरंच केवळ सवयीनं, विचारलं, "काय होतंय आक्का?" पाठीमागे अख्खं गाव. मी त्या बाईंवर ओरडले, "पुन्हा तेच विचारू नका हो!" त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग मी बाहेरच्या गर्दीकडे वळले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. तुमच्या अंगावर तिनं शिवलेले कपडे आहेत, हातात तिनं शिवलेल्या पिशव्या आहेत, त्यात भाजी घालून तुम्ही फोटो काढता आणि तिला एक दार देत नाही. तुमच्या बायका आजारी पडल्या तर त्यांना अशाच दारात उभ्या करून विचारा म्हणावं, काय होतंय म्हणून. माझा आवाज फाटला होता. शाळेतही मी असं कधी ओरडले नव्हते.

मॅडमनी सरपंचांकडे पाहिलं. तेवढं बघणं पुरलं. इतके दिवस चौकट फाकेल म्हणणाऱ्या सुतारानं करवत आणली. हळदीकुंकवासकट उंबरा दोन्ही टोकांना कापला आणि पहारीनं उचकटून काढला. चौकट फाकली नाही. लक्ष्मी कुठं गेली नाही. सगळं काम चहा निवायच्या आत झालं. मी ते बघत होते आणि मला आनंद होत नव्हता. एवढंसंच काम होतं तर पावसाळ्यापासून का अडलं, हा एकच प्रश्न डोक्यात घण घालत होता.

सरपंचांची आई कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि उंबऱ्याच्या जागी तिनं रेघ ओढली. जी रेघ ऐकून पारावर हसले होते, तीच. आक्का त्या रेघेवरून आत गेली. चाकांना कुंकू लागलं आणि नव्या फरशीवर दोन लाल पट्टे उमटत गेले. आतल्या सगळ्यांना तिनं बाहेर घालवलं. मी मागे जायला लागले तर म्हणाली, "तू बी भाईर थांब." दार आतून लागलं. समिती उतारावर उभी राहून फोटो काढत होती.

बऱ्याच वेळानं नर्सबाईंनी दार उघडलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "आजच परभणीला न्या. उद्यावर टाकू नका."

म्हणून मी मिरवणुकीत नव्हते. पिशवी काढून टाकली, गर्भाशयाची. तुकडा तपासायला पाठवला, त्यात जे नको होतं तेच निघालं. आता औषधं सुरू आहेत. पुढचं डॉक्टर सांगतील तसं. लवकर आणलं असतं तर नुसत्या ऑपरेशनवर भागलं असतं, असं ते म्हणाले. ते मला म्हणाले, आक्काला नाही.

आक्काला त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. भला माणूस होता, दिवसभर पेशंट बघून थकलेला. खाटेच्या कडेला टेकून म्हणाला, "मावशी, इतके महिने अंगावर का काढलं?"

"उंबरा व्हता, साहेब," आक्का म्हणाली. "वीतभर."

डॉक्टरांना वाटलं, मावशींना प्रश्न नीट ऐकू आला नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, मोठ्यानं विचारला.